ॲरबी : १८९४ चा बाजार आणि उशिरा पोहोचलेला मुलगा

सोमवार, १४ मे १८९४. डब्लिनच्या दक्षिण भागात, बॉल्सब्रिज येथील रॉयल डब्लिन सोसायटीच्या मैदानावर एक ‘पौर्वात्य नगरी’ उभी राहिली. तिचे नाव होते ‘ॲरबी’. शनिवार, १९ मेच्या रात्री ती मिटली. सहा दिवसांच्या या जत्रेची आठवण एरवी कोणी ठेवली नसती. ती टिकली, कारण अकरा वर्षांनंतर दूरच्या एका बंदरात बसून तेवीस वर्षांच्या एका तरुणाने त्या शेवटच्या शनिवारची कथा लिहिली. बाजार भरला तेव्हा तो स्वतः बारा वर्षांचा होता.

तरुणाचे नाव जेम्स जॉइस. कथेचे नावही ‘ॲरबी’च. ‘डब्लिनर्स’ या संग्रहातील पंधरा कथांपैकी ही तिसरी. जगभरच्या इंग्रजी वर्गांत ती शिकवली जाते ती प्रतीकांसाठी आणि भ्रमनिरासासाठी. हा धागा त्या कथेचा आहे, आणि कथेने ज्याचे दिवे मालवून टाकले त्या खऱ्या बाजाराचाही.

आधी कथा, कारण ती मोजक्या वाक्यांत सांगता येते. डब्लिनमधील एक अनाम मुलगा काका-काकूंकडे राहतो. समोरच्या घरातील मित्राच्या बहिणीवर त्याचे मन जडले आहे. मित्राचे आडनाव मँगन. बहिणीचे नाव कथेत कधीच येत नाही. एके दिवशी ती त्याच्याशी बोलते, ‘ॲरबीला जाणार का’ असे विचारते. तिला स्वतःला जाता येणार नाही. तिच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या आठवड्यात एकांतसाधना आहे. मुलगा म्हणतो, मी गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. शनिवारी काका पैसे द्यायला विसरतात, रात्री नऊला झिंगत घरी येतात. मुलगा पोहोचतो तेव्हा दहा वाजायला दहा मिनिटे उरलेली असतात. सभागृहातले बहुतेक दिवे मालवलेले असतात. तो काहीही विकत घेत नाही. कथा तिथेच संपते.

एवढ्याशा कथानकात मोडण्यासारखे असे काय होते? उत्तरासाठी बाजाराच्या जाहिरातपत्रकाकडे वळावे लागते.

ते पत्रक उपलब्ध आहे, आणि वाचताना डोळे दिपतात. भव्य पौर्वात्य महोत्सव. पौर्वात्य नगरीची हुबेहूब प्रतिकृती. कैरोची गाढवे आणि ती हाकणारी पोरे. अरबांचा तळ. लंडनच्या इजिप्शियन हॉलमधील ‘पूर्वेची जादू’. अडीचशे मुलांची नृत्ये. पन्नास वादकांचा ताफा. हवेत कसरती करणारा मेनोटी. सायकलवरचा पोलो. आठ लष्करी बँड. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसकीर्तीच्या ब्रॉक कंपनीची आतषबाजी. पॅरिसची ताजी गाणी ऐकवणारा ‘काफे शांतां’. आणि तळाशी : प्रवेशमूल्य एक शिलिंग.

यादी नीट पाहिली की गंमत ध्यानात येते. नाव अरबस्तानचे, गाढवे कैरोची, जादू लंडनमार्गे, गाणी पॅरिसची आणि बँड ब्रिटिश फौजेचे. अरब म्हणावे असे त्यात फारच थोडे होते. युरोपच्या करमणुकीच्या धंद्यात जे जे चालत होते ते ते एका कापडी कमानीखाली मांडले होते, आणि त्या कमानीवर ‘पूर्व’ असे रंगवले होते.

ही एकट्या डब्लिनची रीत नव्हती. ‘बाजार’ हा शब्द मुळात फारसी. तोच शब्द मराठीतही आला आणि इतका रुळला की आठवडे बाजाराला निघालेल्या माणसाला त्यात जादू जाणवण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला आठवते ती कांद्याची रास आणि परतीची गाडी. इंग्रजीत मात्र एकोणिसाव्या शतकात या शब्दाला एक वेगळा अर्थ चिकटला. धर्मादाय निधीसाठी प्रतिष्ठित स्त्रियांनी मांडलेली शोभिवंत विक्री म्हणजे ‘बझार’. शब्दासोबत आलेला पूर्वेचा सुगंध विक्रीला उपयोगी पडे, म्हणून तो जपला गेला.

‘ॲरबी’चा निधी कशासाठी होता? जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालयासाठी. शहराच्या मध्यवस्तीतील हे रुग्णालय गरिबांवर उपचार करी आणि ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ या कॅथलिक संघाच्या जोगिणी ते चालवीत. सरकारी आरोग्ययंत्रणेपूर्वीच्या त्या काळात अशी रुग्णालये देणग्या, वर्गण्या आणि असल्याच बाजारांवर तगत. म्हणजे शिलिंग-शिलिंग जमवून जे उभे राहत होते ते काही स्वप्न विकणाऱ्या व्यापाऱ्याचे घर नव्हते.

जॉइसच्या कथेत या रुग्णालयाचा उल्लेख एकदाही नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. कथेतील सर्वांत निष्ठुर प्रतिमांपैकी एक अशी : अर्धवट अंधारलेल्या सभागृहात, काफे शांतांच्या पडद्यापुढे, दोन माणसे तबकावर पैसे मोजीत बसली आहेत, आणि मुलगा नाण्यांचा आवाज ऐकत उभा आहे. त्याआधीच त्या शांततेची तुलना प्रार्थना संपल्यावरच्या चर्चशी झालेली असते. बायबल जाणणाऱ्या वाचकाला येशूने मंदिरातून हाकललेले सराफ आठवतात. प्रतीक अचूक बसते. पण ते बसावे म्हणून एक गोष्ट गाळावी लागली आहे. ती नाणी बहुधा रुग्णांच्या खाटांसाठी मोजली जात होती.

गाळलेले आणखीही आहे. आतषबाजी नाही, लष्करी बँड नाहीत, गाढवे नाहीत. ठेवले आहे ते फिरते फाटक, अर्ध्या उंचीवर सज्जा असलेले सभागृह, खास सोडलेली आगगाडी आणि काफे शांतांची रंगीत दिव्यांतली अक्षरे. ऋतूसुद्धा बदललेला वाटतो. खरा बाजार मे महिन्यातला, आयर्लंडमध्ये संध्याकाळी लांबू लागतात तेव्हाचा. कथेची सुरुवात हिवाळ्यातील आखूड दिवसांनी होते, आणि त्या शनिवारची सकाळही बोचऱ्या थंडीची आहे. मे महिना कुठे दिसतच नाही.

म्हणून ‘ॲरबी’ ही कथा बाजाराचा पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे. तिला पुरावा मानायचेच तर दुसऱ्या एका गोष्टीचा मानावे : ब्रिटिश सत्तेखालच्या शहरातील एका कॅथलिक मुलाला ‘पूर्व’ नावाचे स्वप्न कुठून मिळाले, कोणी विकले, आणि ते हातात यायच्या आधीच का फुटले, याचा.

त्या शहराची त्या वर्षीची मनःस्थिती कशी होती? आयर्लंडचा अनभिषिक्त राजा म्हणवला गेलेला चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल एका कौटुंबिक प्रकरणात बदनाम होऊन, स्वकीयांनीच साथ सोडल्यावर, ऑक्टोबर १८९१ मध्ये मरण पावला होता. स्वराज्याचे दुसरे विधेयक सप्टेंबर १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने फेटाळले होते. बाजार भरला तो त्यानंतर आठ महिन्यांनी. जॉइसचे घर पार्नेलभक्त होते. शिवाय ते उतरणीला लागलेले घर होते : वडिलांची करवसुलीची नोकरी गेलेली, मिळकत विकली जात असलेली, आणि बिऱ्हाड दर काही महिन्यांनी जरा स्वस्त वस्तीत हलत असलेले.

यांपैकी एक बिऱ्हाड नॉर्थ रिचमंड स्ट्रीटवर होते. कथा तिथेच घडते. त्या रस्त्याला पुढे वाट नाही. इंग्रजीत अशा रस्त्याला ‘आंधळा’ म्हणतात, आणि कथेच्या पहिल्याच वाक्यात तो शब्द येतो. वाचक म्हणेल, पहिले प्रतीक सापडले. खरे आहे, पण हे प्रतीक लेखकाने रचलेले नाही, महापालिकेने बांधलेले आहे. रस्ता खरोखरच पुढे बंद होता, त्यावर ख्रिश्चन ब्रदर्सची शाळा खरोखरच होती, आणि छोटा जॉइस काही काळ त्या शाळेतही गेला होता. जॉइसचे बळ इथे दिसते. तो अर्थ आणून वस्तूवर चिकटवत नाही. वस्तू आहे तिथे ठेवतो आणि तिच्याकडे पाहणाऱ्याच्या नजरेत अर्थ साचू देतो.

घरामागच्या बागेचेही तसेच. रान माजलेले आवार, मधोमध सफरचंदाचे झाड आणि एका झुडपाखाली आधीच्या भाडेकरूचा गंजलेला सायकलचा पंप. सफरचंदाचे झाड म्हटले की एदेनची बाग आलीच. टीकाकारांनी पंपालाही सोडलेले नाही. त्याला साप केले, आणखीही बरेच काही केले. हे सारे पटलेच पाहिजे असे नाही. गंजलेला पंप हा सर्वप्रथम गंजलेला पंप आहे : हवा भरण्याचे साधन, जे आता हवा भरीत नाही.

तो भाडेकरू एक धर्मगुरू होता आणि मागच्या दिवाणखान्यात वारला होता. त्याची तीन पुस्तके मुलाला सापडतात : वॉल्टर स्कॉटची ‘द ॲबट’ ही ऐतिहासिक कादंबरी, एक भक्तिपर पुस्तिका, आणि व्हिदोक या फ्रेंच गुन्हेगाराच्या, पुढे पोलिसखात्यात शिरलेल्याच्या, आठवणी. मुलाला तिसरे आवडते, कारण त्याची पाने पिवळी आहेत. धर्मगुरूच्या खोलीत शौर्यकथा, भक्ती आणि गुन्हेगारी एकाच ढिगात पडलेली आहेत, आणि मुलाचे मन याच ढिगातून घडते आहे. तो प्रेमात पडतो तेव्हा त्याच्या जवळ त्या भावनेसाठी दुसरी भाषाच नाही. म्हणून तो ज्या खोलीत धर्मगुरू वारला तिथेच हात जोडून, तळवे थरथरेपर्यंत दाबून, प्रेमाचा जप करतो.

कथेतील सर्वांत चर्चिलेले प्रतीक इथूनच निघते. शनिवारी संध्याकाळी तो काकूबरोबर बाजारहाटाला जातो, पिशव्या धरायला. रस्त्यावर दारुडे, घासाघीस करणाऱ्या बायका, मजुरांच्या शिव्या, डुकराच्या मांसाच्या पिंपांशी उभ्या पोरांच्या आरोळ्या. एक गायक ओडोनोव्हन रोसाचे गाणे म्हणतो आहे. आणि या गर्दीतून मुलगा स्वतःला असे पाहतो की जणू मिस्सेतील पवित्र चषक शत्रूंच्या घोळक्यातून तो सुखरूप नेतो आहे.

रोसा हा खरा माणूस होता. फेनियन क्रांतिकारक, ब्रिटिश तुरुंगात खितपत पडलेला, नंतर न्यूयॉर्कला हद्दपारीत राहून १८८० च्या दशकात ब्रिटिश शहरांतील सुरुंगस्फोटांच्या मोहिमेमागे उभा राहिलेला. म्हणजे मुलाच्या कानावर आपल्या देशाची दुखरी कहाणी पडते आहे, पायाखाली देशाची गरिबी आहे, आणि त्याला या सगळ्यात दिसतात ते केवळ ‘शत्रू’. जिथे तो जगतो तो बाजार त्याला गोंगाट वाटतो. जो कधी पाहिला नाही तो बाजार त्याला तीर्थ वाटतो. एकाच कथेत हे दोन बाजार आहेत, आणि वर्गात बहुधा दुसऱ्याचीच चर्चा होते.

आता मुलीच्या आडनावाकडे. ‘मँगन’ हे डब्लिनच्या वाचकाला सहज ओळखू येणारे नाव. जेम्स क्लॅरेन्स मँगन (१८०३–१८४९) हा डब्लिनचा कवी, दारिद्र्यात आणि व्यसनात संपलेला. ‘डब्लिन युनिव्हर्सिटी मॅगझिन’मध्ये त्याने पौर्वात्य काव्याची लेखमाला चालवली; तुर्की-फारसीतून केलेली म्हणून कितीतरी भाषांतरे छापली. त्यांतील अनेकांचे मूळ कुठेच नव्हते. ती त्याची स्वतःचीच रचना होती, पूर्वेचा झगा घातलेली. जॉइसला हा कवी जवळचा. १९०२ साली विद्यापीठातील वाङ्मयमंडळापुढे त्याने मँगनवर निबंध वाचला होता. तेव्हा ज्या मुलीच्या तोंडून ‘ॲरबी’ हा शब्द मुलाच्या कानात शिरतो तिचे आडनाव बनावट पूर्वेच्या सर्वांत प्रतिभावान आयरिश कारागिराचे असावे, हा योगायोग मानणे कठीण आहे.

मँगन एकटा नव्हता. त्याच्या आधी डब्लिनचाच थॉमस मूर ‘लल्ला रुख’ (१८१७) हे काव्य लिहून युरोपभर गाजला होता. त्याची नायिका कोण? औरंगजेबाची कन्या, दिल्लीहून काश्मीरला विवाहासाठी निघालेली, वाटेत एका तरुण कवीच्या कथांत रमणारी. मूरने पूर्व कधी पाहिली नव्हती. ज्या बादशहाने आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दख्खनेत मराठ्यांशी झुंजण्यात घालवली आणि १७०७ साली अहमदनगरजवळ देह ठेवला, तो लंडन-डब्लिनच्या दिवाणखान्यांत गुलाबपाण्याच्या सुगंधात, प्रेमळ पित्याच्या भूमिकेत वावरत होता. मराठी वाचकाला हसू येईल. पण याच काव्यावर १८७७ साली फ्रेडरिक क्ले याने संगीतरचना केली, आणि तिच्यातील अरबस्तानच्या गाण्यांविषयीचे गीत घरोघरी पियानोवर वाजू लागले. १८९४ च्या बाजाराला ‘ॲरबी’ हे नाव शोभले ते अशा कानांमुळे.

आणि हसू आवरावे अशीही एक गोष्ट आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अरबी सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या, त्या इंग्रजीवरूनच. मराठी मुलांचा हारुन-अल-रशीदही बगदादहून थेट आलेला नाही. तो लंडनला वळसा घालून आला आहे.

कथेतही हेच घडते. मुलाला पैसे देताना काका एक कविता म्हणायला सुरुवात करतात : अरबाने आपल्या घोड्याचा घेतलेला निरोप. ही कॅरोलिन नॉर्टन या इंग्रज कवयित्रीची त्या काळी पाठ केली जाणारी कविता. तिच्यातील अरब सोन्याच्या मोहाने घोडा विकतो आणि मग पस्तावतो. काका झिंगलेले आहेत, काकू ऐकते आहे, मुलगा पैसे मुठीत घट्ट धरून दारापाशी पोहोचला आहे. घरातली एकमेव ‘अरबी’ वस्तू ही पाठ केलेली कविता, आणि तीसुद्धा लाडक्या वस्तूच्या विक्रीची. जॉइस यावर एक शब्द बोलत नाही, कवितेची ओळही देत नाही.

काकूच्या तोंडचे एक वाक्यही असेच निसटून जाण्याजोगे आहे. बाजाराचे नाव ऐकून ती काळजीने विचारते की हे काही फ्रीमेसनांचे प्रकरण तर नाही ना. आजच्या वाचकाला हा निव्वळ भाबडेपणा वाटतो. पण दोनच वर्षांपूर्वी, १८९२ साली, त्याच बॉल्सब्रिजला फ्रीमेसनांचा मोठा धर्मादाय बाजार भरला होता. कॅथलिक चर्चने आपल्या अनुयायांना फ्रीमेसन होण्यास मनाई केली होती, आणि डब्लिनमध्ये त्या मंडळींची ओळख प्रॉटेस्टंट सुखवस्तू वर्गाशी जोडलेली होती. काकूची शंका अनुभवातून आलेली आहे.

आता त्या रात्रीचा हिशेब. तो कथेत विखुरलेला आहे, जोडावा लागतो. काका देतात ते एक फ्लोरिन, म्हणजे दोन शिलिंग. बारा पेन्सचा एक शिलिंग. तेव्हा एकूण चोवीस पेन्स. मुलगा सहा पेन्सचे प्रवेशद्वार शोधतो. ते सापडत नाही. बाजार बंद होईल या भीतीने तो शिलिंगाच्या फाटकातून आत शिरतो. बारा गेले. शेवटी खिशात खुळखुळतात ते दोन सुटे पेन्स आणि सहा पेन्सचे एक नाणे, म्हणजे आठ. उरलेले चार रेल्वेने घेतले असावेत. चोवीसपैकी सोळा पेन्स केवळ तिथवर पोहोचण्यातच संपले. फुलाफुलांच्या चहाच्या संचांपुढे आणि चिनी मातीच्या फुलदाण्यांपुढे आठ पेन्सचा मुलगा उभा आहे. काका वेळेवर आले असते तरी हा हिशेब फारसा बदलला नसता. उशीर हे निमित्त झाले.

वाटेतले एक दृश्य सहज वाचून पुढे जाता येत नाही. तिसऱ्या वर्गाच्या रिकाम्या डब्यात मुलगा एकटा बसला आहे. वेस्टलँड रो स्थानकावर लोक दारांशी गर्दी करतात आणि हमाल त्यांना मागे सारतात : ही बाजाराची खास गाडी आहे. क्षणभर ते स्वप्न खरे होते. सबंध गाडी त्याच्यासाठीच निघाली आहे. आख्ख्या कथेत त्याला मिळालेले राजवैभव ते एवढेच.

सभागृहातील शेवटचा प्रसंग दीड-दोन मिनिटांचा असेल. एका दुकानाच्या दाराशी एक तरुणी दोन तरुणांशी हसत बोलते आहे. विषय क्षुल्लक : कोणी काहीतरी म्हटले की नाही म्हटले, एवढाच वाद. मुलगा त्यांचे उच्चार टिपतो. ते इंग्रज आहेत. ती त्याच्याकडे येऊन, कर्तव्य म्हणून, काही हवे का विचारते. दुकानाच्या अंधाऱ्या दाराशी दोन मोठे रांजण पूर्वेकडल्या पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. तो नको म्हणतो. ती परत जाऊन तोच विषय पुढे चालू ठेवते, अधूनमधून वळून त्याच्यावर नजर ठेवीत.

अरबस्तानच्या दाराशी भेटले ते असे. तलवार घेतलेला रक्षक नाही, जादूगार नाही. ओसरत्या रात्रीची इंग्रजी गप्पागोष्ट. मुलाचा अपमान कोणी केला नाही. म्हणूनच तो तक्रार करू शकत नाही. जुन्या कथांत नायक परीक्षेला उतरतो किंवा हरतो. इथे परीक्षाच नव्हती, असे त्याला कळते. समोरच्या घरातील मुलीशी आपली एकमेव गाठ याच तऱ्हेच्या वरवरच्या बोलण्याने पडली होती, हेही कदाचित त्याच क्षणी त्याच्या लक्षात येते. सज्ज्याच्या टोकावरून दिवे मालवल्याची हाक येते. वर अंधार होतो. त्या अंधारात त्याला स्वतःच दिसतो : आपल्याच वृथा अभिमानाने हाकलला गेलेला आणि हास्यास्पद ठरलेला. डोळे चुरचुरतात.

अशा क्षणांसाठी जॉइसने ख्रिस्ती परंपरेतून एक शब्द उचलला होता : ‘एपिफनी’. धर्मात तो पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांना बाळ येशूचे दर्शन घडण्याचा सण. जॉइसच्या अर्धवट टाकलेल्या ‘स्टीफन हीरो’ या कादंबरीत त्याला नवा अर्थ मिळतो : एखाद्या हलक्याफुलक्या बोलण्यातून वा हालचालीतून वस्तूचे खरे स्वरूप अचानक उघडे पडणे. ‘ॲरबी’त हा शब्द येत नाही, पण दुकानदारणीची बाष्कळ बडबड त्याचे नमुनेदार उदाहरण आहे. मूळ सणात पूर्वेचे लोक पश्चिमेकडे येतात आणि त्यांना देव दिसतो. इथे मुलगा ‘पूर्वे’कडे जातो आणि त्याला दिसतो तो स्वतः.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कथा मुलगा सांगत असला तरी शेवटच्या वाक्याची भाषा मुलाची नाही. ती मोठ्या झालेल्या माणसाची आहे, आणि तो माणूस आपल्या बालपणावर जरा जास्तच कठोर आहे. प्रेमात पडलेल्या मुलाचा असा काय मोठा अपराध होता? ‘वृथा अभिमान’ हा चर्चच्या कबुलीजबाबातला शब्द आहे. स्वप्न मोडले तरी त्याचा निवाडा ज्या भाषेत होतो ती त्या मेलेल्या धर्मगुरूचीच. भ्रम गेला, तो ज्या खोलीत जन्मला ती खोली अजून मुलाच्या आत आहे.

खरा जॉइस त्या रात्री तिथे होता का? त्याचा शाळासोबती विल्यम फॅलन याने म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींत तो शनिवार येतो : बाजारात पोहोचलो तेव्हा आवराआवर चालली होती, फार उशीर झाला होता, जॉइस कशाने तरी खट्टू दिसत होता, आणि वडिलांकडून पैसे काढताना त्याला त्या आठवड्यात त्रास पडला होता. आठवण मोहक आहे. मात्र ती कथा छापून, गाजून, अनेक दशके लोटल्यावरची आहे. कथा वाचलेल्या माणसाची स्मृती कथेच्याच वाटेने चालू लागते, हा धोका साक्षीपुरावा तोलणाऱ्याने गृहीत धरावा. फॅलनने खोटे सांगितले असे मुळीच नव्हे. पण काकांऐवजी वडील, एवढाच फरक उरावा, हे जरा जास्तच नीटनेटके आहे.

कथा लिहिली गेली ऑक्टोबर १९०५ मध्ये, त्रिएस्ते येथे. हे तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे बंदर. जॉइस तिथे इंग्रजी शिकवून पोट भरीत होता. लंडनचा प्रकाशक ग्रँट रिचर्ड्स याला त्याने कळवले होते की आपल्या देशाच्या नैतिक इतिहासाचे एक प्रकरण लिहिण्याचा आपला मानस आहे, आणि त्यासाठी डब्लिन निवडले कारण ते शहर पक्षाघाताचे केंद्र वाटते. रिचर्ड्सने आधी करार केला, मग मुद्रकाने काही मजकुराला हरकत घेताच माघार घेतली. पुढे डब्लिनच्या मॉन्सेल कंपनीने पुस्तक स्वीकारले, छापले, आणि १९१२ साली छापलेले फर्मे मुद्रकाने नष्ट केले. जॉइस त्या वर्षी डब्लिन सोडून गेला तो पुन्हा कधी परतला नाही. अखेर १९१४ च्या जूनमध्ये त्याच रिचर्ड्सने ‘डब्लिनर्स’ प्रसिद्ध केले. दोन महिन्यांच्या आत महायुद्ध सुरू झाले.

बाजाराची कमान १८९४ च्या मे महिन्यातच उतरली. रॉयल डब्लिन सोसायटी आजही बॉल्सब्रिजला आहे. नॉर्थ रिचमंड स्ट्रीटला आजही पुढे वाट नाही. ज्याच्यासाठी ती नाणी मोजली गेली ते जर्व्हिस स्ट्रीट रुग्णालय १९८७ साली बंद झाले. त्याच्या दर्शनी भिंतीमागे १९९६ साली एक खरेदीसंकुल उघडले.